आधी चिठ्ठ्या, मग नाणी

सांगलीत कृष्णेचे पाणी आयर्विन पुलावर मोजतात. तिथली इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर चढले. गावभाग, मारुती चौक, हरभट रोड, कापडपेठ अशी जुनी सांगली पाण्याखाली गेली आणि कित्येक घरांत ते पाणी दिवसचे दिवस मुक्कामाला राहिले.

पाणी उतरल्यावर पंचनामे झाले. कपडे, भांडी, धान्य, खचलेली भिंत, दगावलेले जनावर यांची नोंद झाली. पलंगाखालच्या ट्रंकेत आजोबांनी ठेवलेले चांदीचे रुपये, मूठभर तांब्याच्या शिवराया आणि भोकाचे पैसे यांच्यासाठी कागदावर रकाना नव्हता आणि तो असावा असे कुणाला वाटलेही नाही. ज्या घरात गहू कुजलेत तिथे नाण्यांचे काय घेऊन बसायचे? शिवाय नाणी पडली धातूची. धुतली, पुसली की झाले. हा समज सरसकट चूक नाही. शतकानुशतके मातीत आणि नदीच्या गाळात राहिलेली नाणी आजही वाचता येतात. संग्रहाचे मातेरे होते ते बहुतेकदा पाणी उतरल्यानंतरच्या धुण्यापुसण्यात.

गावभागातले एक निवृत्त पोस्टमास्तर हे ज्यांच्याकडून शिकावे अशांपैकी. त्यांना सगळे काका म्हणतात, मीही म्हणतो. त्यांच्याकडे राजेरजवाड्यांची नाणी थोडी, बाजारात मोडीच्या भावात मिळालेली फार. पुराआधी त्यांनी दोन ट्रंका माळ्यावर चढवल्या होत्या. तिसरी राहिली. ती उघडली तेव्हा आत काळा चिखल, फुगलेले अल्बम आणि गंजलेल्या पिना होत्या.

"सगळ्यांनी नाणी बाहेर काढायला हात घातला," काका सांगतात, "आणि ही ओरडली, हात लावू नका म्हणून."

ही म्हणजे काकू. ट्रंकेतल्या प्रत्येक पाकिटात नाण्याबरोबर एक चिठ्ठी होती आणि त्यातल्या निम्म्या काकूंच्या अक्षरातल्या होत्या. तासगावच्या रथोत्सवात मोडीवाल्याकडून घेतलेली शिवराई, मिरजेच्या बाजारात रद्दीवाल्याच्या डब्यात सापडलेला पाव आणा, अमुक घरातून आलेला व्हिक्टोरियाचा रुपया. काकूंचे म्हणणे साधे होते. "नाणी काय पळून जातात होय? चिठ्ठ्या जातील."

कागदाची घाई

काकूंच्या त्या वाक्याला संवर्धनशास्त्राचा पूर्ण पाठिंबा आहे. ओल्या कागदावर दोन दिवसांत बुरशी धरू लागते. धातूला तेवढी घाई नसते. म्हणून भिजलेल्या नाणेसंग्रहात पहिला मान कागदाचा.

त्याआधी एक काम करायचे, आणि ते आता खिशातल्या फोनने होते. अल्बमचे पान जसे आहे तसे, चिखलासकट, दोन्ही बाजूंनी टिपायचे. कुठल्या कप्प्यात कुठले नाणे होते हा क्रम हीच एक नोंद असते. शाई पसरली तरी क्रमावरून ओळख पटते. पाकिटे एकदम रिकामी केली तर वीस शिवराया आणि वीस चिठ्ठ्या हातात राहतात आणि कुणाचे कोण हे देवही सांगू शकत नाही.

चिठ्ठ्या कशाने लिहिल्या होत्या यावर पुढचे बरेच ठरते. फाउंटन पेनची शाई पाण्यात विरघळते. बॉलपेन बऱ्यापैकी टिकते. शिसपेन्सिल पाण्याला अजिबात दाद देत नाही, कारण ती विरघळणारा रंग नसून ग्राफाइट आहे. संग्रहालयांत वस्तूंच्या चिठ्ठ्या पेन्सिलीने लिहायची पद्धत पडली ती उगीच नव्हे. काकांच्या टपोऱ्या निळ्या अक्षरातल्या चिठ्ठ्यांचे ढग झाले होते. काकूंच्या पेन्सिलीच्या चिठ्ठ्या चिखल धुतल्यावर जशाच्या तशा वाचता आल्या.

सगळे कागद त्याच दिवशी वाळवणे शक्य नसते. गावात वीज नव्हती आणि हवेत दमटपणा ठासून भरलेला. अशा वेळी जगभरचे ग्रंथसंवर्धक एकच उपाय सांगतात, तो म्हणजे गोठवणे. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही आणि सवडीने एकेक कागद बाहेर काढून वाळवता येतो. काकूंनी चिठ्ठ्यांचे लहान गठ्ठे बटर पेपरमध्ये गुंडाळले, पिशव्यांत घातले आणि कुपवाडला नात्यातल्या एका आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीझरमध्ये पाठवले. कुल्फीशेजारी ते महिनाभर होते. नंतर ते टिपकागदावर, पंख्याच्या वाऱ्यात, सावलीत एकेक करून सुकले. संग्रहात नोटा असतील तर त्यांनाही हाच न्याय. गठ्ठा ओढून सोडवायचा नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार खराब नोट बदलून मिळते खरी, पण दर्शनी किमतीला. संग्राहकाला त्याचा काय उपयोग?

एका पाण्यात सगळे नको

चिठ्ठ्या मार्गी लागल्यावर नाण्यांकडे वळायचे, तेही रबरी हातमोजे घालून. पुराच्या पाण्यात गटार असते, शेतातली खते-औषधे असतात आणि लेप्टोस्पायरोसिसचे भय असते.

मग धातूंची वाटणी. एकाच पिशवीत तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम ओल्या चिखलात चिकटून राहिले की नकळत एक बॅटरीच तयार होते आणि तिच्यात अ‍ॅल्युमिनियमचा बळी जातो. १९६४ची तीन पैशांची षट्‌कोनी नाणी, १९६५पासूनचे एक आणि दोन पैसे, पुढचे पाच पैसे, दहा पैसे, १९८२पासूनचे वीस पैसे ही सगळी हलकी नाणी अ‍ॅल्युमिनियमची. ती शिवरायांशेजारी भिजली तर त्यांना खड्डे पडतात आणि ते खड्डे कुठल्याही उपायाने भरत नाहीत. सोड्याचे पाणी तर त्यांना मुळीच लावायचे नाही.

वाटणीला चुंबक बरा पडतो. स्वातंत्र्यानंतरचे शुद्ध निकेलचे रुपये त्याला चिकटतात, १९८८पासून आलेली स्टेनलेस स्टीलची नाणीही चिकटतात. चांदी आणि तांबे ढिम्म हलत नाहीत. चांदीतही दोन जाती आहेत. १९३९पर्यंतचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात जवळजवळ ९२ टक्के चांदी. दुसऱ्या महायुद्धात चांदीची चणचण भासली आणि १९४० ते १९४५चे रुपये निम्म्या चांदीचे झाले. उरलेल्या निम्म्यात तांबे, निकेल आणि जस्त. त्यामुळे हे युद्धकाळातले रुपये ओलीत लवकर काळेहिरवे पडतात. घरात दोन्ही एकाच डबीत असतात आणि दोन्हींना आपण राणीछाप-राजाछाप म्हणून एकच वागणूक देतो.

धुणे म्हणजे काय, तर चिखल सुटेपर्यंत स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवणे आणि शेवटचे पाणी डिस्टिल्ड घेणे. नळाच्या पाण्यात क्लोरीन आणि क्षार असतात, ते नाण्यावर वाळून बसतात. डिस्टिल्ड पाणी सांगलीत बॅटरीच्या दुकानात मिळाले. काकांनी दुधाच्या कॅनने आणले. नाणे दोन बोटांत कडेला धरायचे, ब्रश लावायचा नाही. अडकलेला कण भिंगाखाली ओल्या बांबूच्या काडीने सैल करायचा. नंतर टिपकागदावर ठेवून टिपायचे, पुसायचे नाही. गाळात वाळूचे बारीक कण असतात आणि वरून फडके फिरवले की तोच पॉलिशपेपर होतो.

शिशाच्या नाण्यांना मात्र वेगळा नियम आहे. सातवाहनकाळात दख्खनमध्ये शिशाची नाणी भरपूर पाडली गेली. कोल्हापूरच्या कुर राजांच्या नाण्यांवर एका बाजूला धनुष्यबाण आणि दुसऱ्या बाजूला कमानींचा डोंगर दिसतो. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६मध्ये झालेल्या उत्खननाने त्या काळाचे कोल्हापूर उजेडात आणले. या भागातल्या जुन्या संग्रहांत अशी एखादी जड, करडी चकती हमखास सापडते. ती डिस्टिल्ड पाण्यात भिजत घालायची नाही, कारण क्षारहीन पाणी शिशाला हळूहळू खाते. थोडे धुऊन लगेच अल्कोहोलमध्ये बुडवून वाळवायची. आणि लाकडाच्या पेटीत परत ठेवायची नाही. लाकूड आणि प्लायवूडचा डिंक सेंद्रिय आम्लांची वाफ सोडतात, त्या वाफेने शिशावर पांढरी भुकटी येते आणि काही वर्षांत नाण्याची माती होते. पुरातून वाचलेले शिसे सागवानी पेटीत मरते ते असे.

आता प्लास्टिकचे. बाजारात मिळणारे मऊ, वास येणारे खिसे पीव्हीसीचे असतात. त्याला मऊ ठेवणारे द्रव्य उन्हाने आणि ओलीने बाहेर पाझरते आणि तांब्यावर हिरवा चिकट थर धरतो. पाण्याने तो निघत नाही, शुद्ध अ‍ॅसिटोनने निघतो. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध मिसळलेला असतो. अ‍ॅसिटोन काचेच्या वाटीतच घ्यायचे, खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि देवघरातला दिवा आधी शांत करायचा. ते पेट्रोलसारखे पेटते.

चिंच, लिंबू आणि इतिहास

इथवर ठीक चालले होते. मग पुण्याहून काकांचा भाचा मदतीला आला. मुलगा कामसू. त्याने पाटभर काळ्या शिवराया पाहिल्या, स्वयंपाकघरातून लिंबू आणि चिंच घेतली आणि संध्याकाळपर्यंत तीस-एक नाणी लालभडक करून काकांपुढे ठेवली. काका काही बोलले नाहीत. "काय बोलणार? पोरानं चांगल्या मनानं केलं. पण त्या आता नव्या चकत्या आहेत, शिवराया नाहीत."

असे का म्हणावे? शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापासून, म्हणजे १६७४पासून, तांब्याची शिवराई पाडली गेली. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, शिवाय घण हाताने मारायचा. त्यामुळे पूर्ण मजकूर एका नाण्यावर क्वचितच उमटतो. एकीवर 'श्री रा', दुसरीवर 'त्रप'. पुढे दीडशे वर्षे वेगवेगळ्या टांकसाळींत याच मजकुराच्या शिवराया पडत राहिल्या आणि त्यांतली कुठली कुठली हे अभ्यासक ठरवतात ते अक्षरांच्या वळणावरून, वेलांटीच्या ऱ्हस्वदीर्घावरून आणि कडेच्या ठिपक्यांवरून. चिंचेतले टार्टारिक आम्ल आणि लिंबातले सायट्रिक आम्ल वरचा काळा-तपकिरी थर विरघळवते आणि त्याखालचे तांबेही थोडे नेते. घासण्याने उरलेली कडा बोथट होते. वेलांटी गेली की साक्ष गेली.

नव्या नाण्यांनाही हे लागू आहे. सालाच्या खाली बारीक खूण असते. मुंबईच्या टांकसाळीचा हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, कोलकात्याला काहीच नाही. मुंबईच्या नाण्यावरचा हिरा घासून गेला तर ते बघणाऱ्याला कोलकात्याचे वाटेल.

पृष्ठभागावरच्या केसभर उंचवट्याला किती किंमत असते हे महाराष्ट्राइतके चांगले फार थोड्यांना माहीत असावे. १९०६मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला चांदीच्या १३,०००हून अधिक नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षत्रप नहपानाची. त्यांतल्या ९,०००हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. नव्या ठशाखालून जुन्या राजाचा चेहरा आणि अक्षरे अर्धवट डोकावतात. सातवाहनांनी नहपानाचा पाडाव केला याचा नाशिकच्या लेण्यांतल्या शिलालेखाइतकाच ठोस पुरावा म्हणजे हे एकावर एक बसलेले दोन ठसे. ती नाणी सापडल्याबरोबर कुणी राखेने चकचकीत केली असती, तर खालचा नहपान कायमचा पुसला गेला असता.

संग्राहकांच्या बाजारातही घासलेले नाणे लगेच ओळखू येते. भिंगाखाली समांतर ओरखडे दिसतात, खोलगट भागात पावडरीचा पांढुरका अंश दिसतो, रंग कच्चा दिसतो. भाव निम्म्याहून खाली येतो. चांदी काळी पडली तर सराफ रिठ्याच्या पाण्याने घासून देतो, हुपरीचा कारागीर आम्लात बुडवून लखलखीत करतो. दागिन्याला ते शोभते. नाण्याच्या बाबतीत मात्र तो काळा थर सिल्व्हर सल्फाइडचा, म्हणजे नाण्याच्याच चांदीतून बनलेला असतो. तो काढला की चांदीही गेली. गटाराच्या पाण्यातल्या गंधकाने आलेला काळेपणा बघवत नाही हे मान्य, पण तो तसाच राहू दिल्याने नाण्याचे काही बिघडत नाही.

दिवाळीनंतरचा हिरवा भुगा

पूर ऑगस्टचा. काकांनी धुतलेल्या शिवराया सप्टेंबरात नीट होत्या. दिवाळीनंतर काहींवर फिकट पोपटी ठिपके आले. नखाने उडवले तर भुकटी पडली आणि खाली खड्डा दिसला. आठवड्यात ठिपके परत हजर.

याला संवर्धक ब्राँझ डिसीज म्हणतात. रोग म्हटले तरी जंतू नाही, सारे रसायन आहे. सांडपाण्यातल्या किंवा खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडची तांब्याशी गाठ पडली की आत क्युप्रस क्लोराइड तयार होते. हवेत ओल मिळाली की त्यातून पोपटी भुकटी बनते आणि सोबत हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते. ते आम्ल उरलेल्या तांब्यावर चढते, पुन्हा क्लोराइड, पुन्हा आम्ल. तांबे संपेपर्यंत हे चालू राहू शकते. सगळे हिरवे वाईट नसते हेही लक्षात ठेवावे. जुन्या तांब्यावरचा गडद, गुळगुळीत, घट्ट बसलेला हिरवा थर नाण्याचे रक्षणच करतो. भुकटी पडते ती रोगाची खूण.

हवेतली आर्द्रता साधारण ४२ ते ४६ टक्क्यांच्या पुढे गेली की हे चक्र जोर धरते. पावसाळ्यातल्या सांगलीची आर्द्रता त्याच्या कितीतरी वर असते, चिपळूण-महाडची त्याहून वर. २०२१च्या जुलैत वाशिष्ठीने चिपळूण बुडवले तेव्हा तिथे भिजलेल्या तांब्याला हा धोका अधिक, कारण हवा खाडीकाठची.

उपाय आहेत, पण सबुरीचे. रोगट नाणे आधी वेगळे काढायचे. डिस्टिल्ड पाण्यात ठेवून पाणी पुन्हापुन्हा बदलायचे, म्हणजे क्लोराइड थोडे थोडे बाहेर येते. प्रयोगशाळेत यासाठी सोडियम सेस्क्विकार्बोनेटचे सौम्य द्रावण आठवडेच्या आठवडे वापरतात. त्यानंतर अल्कोहोलमध्ये ३ टक्के बेन्झोट्रायाझोल. ते तांब्यावर पातळ संरक्षक पापुद्रा धरते. १९६०च्या दशकात संवर्धनात आलेला हा उपाय आजही चालतो. मात्र हे रसायन विषारी आहे, ते घरी करायचे काम नाही. लखनौची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण प्रयोगशाळा, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे संवर्धन केंद्र अशा ठिकाणचे लोक सल्ला देऊ शकतात. नाण्याची ओळख पटवायची असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला १९८०मध्ये स्थापन झालेली नाणकशास्त्र संशोधन संस्था आहे.

घरी करण्यासारखे एकच, ते म्हणजे हवा कोरडी ठेवणे. घट्ट झाकणाचा डबा, तळाशी सिलिका जेल, आत दोनशे-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक. जेलचा रंग बदलला की ते गरम करून पुन्हा वापरायचे. तांदूळ घालायचा नाही, त्याचा पिठूळ धुरळा स्वतःच ओल धरतो. खोबरेल तेल चोपडायचे नाही, खाद्यतेलांतली आम्ले तांबे खातात. नाणी दर महिन्याला उघडून बघायची, वर्षभर तरी.

वजनाचा मोह

पुरानंतर जुन्या वस्तू घेणारे गल्लीत फिरू लागतात. चिखलाने माखलेला चांदीचा रुपया वजनावर मागितला जातो आणि घरात चुलीचे वांधे असताना तो दिलाही जातो. त्याला नावे ठेवणे सोपे आहे. विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसे देशभर गलाईचा धंदा करतात, सोने-चांदी वितळवून शुद्ध करणे हे या जिल्ह्याचे कसब आहे. मुशीत गेलेल्या रुपयाचे साल विचारत नाहीत. पण १९३९पर्यंतच्या साध्या रुपयात पावणेअकरा ग्रॅमच्या आसपास चांदी असते आणि एखाद्या विरळ सालाच्या रुपयाला त्या चांदीच्या कित्येक पट किंमत येते. म्हणून विकायचेच असेल तर निदान साल वाचता येईपर्यंत धुवावे आणि एका जाणत्याला दाखवावे.

विम्याचेही तसेच. घराच्या विम्यात भांडी-फर्निचर येते. नाण्यांसारख्या मौल्यवान वस्तूंचे मूल्य आधी ठरवून त्यांची वेगळी नोंद करावी लागते. त्यासाठी यादी लागते, फोटो लागतात, वजने लागतात. म्हणजे फिरून गाडी कागदावर येते.

काकांच्या तिसऱ्या ट्रंकेचा हिशेब शेवटी असा लागला. अ‍ॅल्युमिनियमची बरीच नाणी गेली. चांदी वाचली, काळी होऊन. शिवरायांपैकी काहींना रोग जडला, काहींना भाच्याचे लिंबू लागले, उरलेल्या ठणठणीत आहेत. काका मात्र तोटा मोजतात तो ज्यांच्या चिठ्ठ्या गेल्या त्या नाण्यांचा. "हा पाव आणा बघा, एकदम स्वच्छ. पण कुठनं आला, कुणी दिला, काय सांगता येत नाही. बाजारात असे शंभर मिळतील."

त्यांचे खरे आहे असे मला वाटते. साधा पाव आणा लाखोंच्या संख्येने पाडला गेला. तासगावच्या रथोत्सवात, अमक्या साली, अमक्या गावच्या मोडीतून आलेला पाव आणा एकच असतो. त्याच्यामुळे कुठला पैसा कुठल्या गावापर्यंत फिरत होता हे कळते. संग्रह म्हणतात तो या माहितीला. धातू नुसता तिला धरून ठेवतो.

२०२१मध्ये आयर्विनवर पाणी पुन्हा ५० फूट ओलांडून गेले. त्या वेळी काकांच्या तिन्ही ट्रंका वेळेत वर गेल्या होत्या आणि प्रत्येक नाण्याचा दोन्ही बाजूंचा फोटो, वजन आणि चिठ्ठीची नक्कल एका वहीत होती. वही अर्थात पेन्सिलीने लिहिलेली आणि काकूंच्या अक्षरात.

या दिवाळीत घरोघरी लक्ष्मीपूजनाला चांदीचे रुपये आणि कमळाचे वीस पैसे बाहेर निघतील. पंचामृतातले दही आम्लधर्मी असते, हळदी-कुंकू खोबणीत जाऊन बसते आणि पूजेनंतर कुणीतरी सवयीने पितळ घासायची पावडर हातात घेते. पूजेला एकच नाणे काढावे, ते नंतर साध्या पाण्याने धुऊन टिपावे. बाकीची डबीतच राहू द्यावीत. पावडर घासण्यात जाणारा तो अर्धा तास नाण्यांचे फोटो काढण्यात आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे कुठून आले म्हणून विचारून लिहून घेण्यात घालवावा. यादीची एक प्रत डबीत ठेवावी आणि दुसरी पूररेषेच्या बाहेर, दुसऱ्या गावातल्या लेकीकडे किंवा भावाकडे द्यावी.